दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत : घरगुती साठवण-सर्व्हरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटरवर, अरुणावती नदीच्या काठी वसलेल्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावात डिजिटल माहितीचा साठा ज्या वेगाने वाढतो आहे, त्या मानाने तो जपण्याची व्यवस्था फार मागे राहिली आहे. लग्नसराईत एकेका समारंभाचे चित्रण शेकडो जीबी जागा व्यापते आणि पुढे ते फोटो स्टुडिओच्या खणातील सुट्या हार्ड डिस्कवर पडून राहते. शेतकरी कुटुंबाचे सातबारे, फेरफार, पीककर्जाची कागदपत्रे आणि मुलांचे दाखले घरातील कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतात. बंजारा तांड्यावरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची गोरबोलीतील गाणी नातवंडांच्या फोनमध्ये ध्वनिमुद्रित होतात आणि फोन बदलला की बहुधा नाहीशी होतात. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि मोफत जागा १५ जीबीपुरती उरली, तेव्हापासून ‘घरचाच सर्व्हर बसवावा’ हा विचार लहान गावांतही बोलला जाऊ लागला. मात्र या सर्व्हरविषयी जे समज रूढ आहेत, त्यांतील काही निरुपद्रवी असले, तरी काही सर्व साठा एका रात्रीत घालवू शकतील इतके घातक आहेत.

घरगुती साठवण-सर्व्हर, ज्याला बाजारात ‘नॅस’ म्हणतात, म्हणजे एक किंवा अनेक हार्ड डिस्क बसवलेला, घरातील राउटरला केबलने जोडलेला आणि अखंड चालू राहणारा छोटा संगणक होय. घरातील प्रत्येक मोबाइल, लॅपटॉप व टीव्ही त्यातील सामायिक फोल्डर आपलेच असल्याप्रमाणे उघडू शकतो. यासाठी इंटरनेट लागतेच हा समज चुकीचा आहे. फाइलींची देवाणघेवाण घरातल्या घरात, राउटरमार्फत होते, त्यामुळे गावाची फायबर केबल तुटली तरी घरचा साठा घरच्यांना दिसतच राहतो. त्यासाठी महागडे यंत्र लागते हेही पूर्णपणे खरे नाही. विंडोज संगणकांशी फाइली वाटून घेणारी ‘सांबा’ ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिली. ती आजही मोफत आहे, आणि तिच्या आधारे चालणारी ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांसारखी मोफत सॉफ्टवेअर जुन्या ६४-बिट डेस्कटॉपवरही चालवता येतात. जुन्या यंत्राची खरी किंमत वीजबिलात दिसते : दोन डिस्कची तयार पेटी सुमारे २० वॅट घेते असे धरल्यास महिन्याला साडेचौदा युनिटच्या आसपास वीज लागते, तर ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप त्याच काळात ४३ युनिट घेतो.

सर्वांत घातक गैरसमज ‘रेड’ या रचनेविषयी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात असे मांडले, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपल्या आणि त्यांत काही माहिती जादा ठेवली, तर एखादी डिस्क निकामी झाली तरी काम थांबत नाही. या रचनेचा घरगुती प्रकार म्हणजे ‘रेड १’, ज्यात एका डिस्कवर लिहिलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. विक्रेता ‘आता काळजी नको, सगळे दोन ठिकाणी आहे’ असे सांगतो आणि ग्राहक निर्धास्त होतो. परंतु ‘त्याच क्षणी’ या गुणातच त्या रचनेची मर्यादा आहे. चुकून पुसलेले फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसले जाते, खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फाइली दोन्हीकडे कुलूपबंद होतात, आणि चोरी, आग किंवा विजेचा झटका यांना तर एकाच पेटीतील दोन डिस्क वेगळ्या दिसतच नाहीत. रेडमुळे काम चालू राहते, साठा वाचेलच असे नाही. शिवाय दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच उत्पादन-तुकडीतील घेतलेल्या असतात. त्यामुळे त्यांचे वय आणि झीज सारखीच असते, आणि पहिली गेल्यावर नवीन डिस्कवर सर्व माहिती उतरवण्याचा तासन्‌तासांचा ताण नेमका त्याच वयाच्या दुसरीवर येतो.

यावरचा उपाय छायाचित्रकार पीटर क्रो यांनी लोकप्रिय केलेल्या ३-२-१ या नियमात आहे : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. आर्णीच्या संदर्भात ‘दुसरे ठिकाण’ या शब्दांना विशेष अर्थ आहे. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ जिल्ह्यातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि शेजारच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुरात अडकलेल्या गावकऱ्यांना बचाव पथकांनी बाहेर काढले. अशा प्रसंगी नदीकाठच्या घरातील सर्व्हर आणि त्याच कपाटातील बॅकअप डिस्क एकाच पाण्यात जातात. प्रत दुसरीकडे ठेवण्यासाठी क्लाउडचे मासिक भाडे भरलेच पाहिजे असे नाही. यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर प्रत घेऊन, ती सांकेतिक कुलपाने बंद करून, म्हणजेच एन्क्रिप्ट करून, यवतमाळ, दिग्रस किंवा नागपूर येथील नातेवाइकांकडे ठेवणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या डिस्कशी तिची अदलाबदल करणे हा कमी खर्चाचा आणि खात्रीचा मार्ग आहे. कुलपाचा संकेतशब्द मात्र कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा ठेवावा लागतो, कारण तो हरवला तर मालकालाही ती डिस्क उघडत नाही.

‘घरात इन्व्हर्टर आहे, वेगळा यूपीएस कशाला’ हा दुसरा समज विदर्भातील जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो. दिवे आणि पंखे यांच्यासाठी बनवलेला इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीकडे वळताना काही मिलिसेकंदांचा खंड पाडतो. पंख्याला तो जाणवत नाही, पण संगणक त्यामुळे कधी बंद पडतो आणि कधी पडत नाही, आणि अशी अनिश्चितता सर्व्हरसाठी वाईटच असते. लिहिणे चालू असताना वीज तुटली, तर आधुनिक फाइल-प्रणाली आपली मांडणी बहुधा सावरून घेते, तथापि त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवटच राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की लाइट गेली आहे आणि बॅटरी संपत आली आहे हे साधा इन्व्हर्टर सर्व्हरला सांगू शकत नाही. यूएसबी केबलने सर्व्हरला जोडता येणारा लहान यूपीएस ते सांगतो, आणि मग सर्व्हर हातातील लेखन पुरे करून स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. यूपीएस इन्व्हर्टरच्या मागे जोडायचा असेल, तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना हे आधी तपासावे, कारण चौकोनी तरंगाची वीज अनेक यूपीएस स्वीकारत नाहीत आणि स्वतःच्याच बॅटरीवर चालत राहून ती संपवतात. घराचे अर्थिंग तपासून घेणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. खड्ड्यातील माती उन्हाळ्यात सुकली की अर्थिंग कमकुवत होते, आणि पहिल्याच वळवाच्या विजेने राउटर, केबल व सर्व्हर एकदम जळू शकतात.

उष्णतेविषयी दोन परस्परविरोधी समज आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की डिस्क टिकणारच नाहीत असे काहींना वाटते, तर कूलरसमोर ठेवली की प्रश्न मिटला असे इतरांना वाटते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मध्यम तापमान आणि डिस्क निकामी होणे यांचा संबंध समजला जात होता तितका घट्ट नसल्याचे दिसून आले. धोका वाढतो तो अतिउच्च तापमानात, विशेषतः जुन्या डिस्कमध्ये. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० ते ६५ अंश असते आणि बंद पेटीतील डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी अधिक तापते, म्हणून पत्र्याखालच्या ४५ अंशांच्या खोलीत ती मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचते. अशा खोलीऐवजी घराच्या आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि मागचा पंखा मोकळा राहील अशा रीतीने पेटी ठेवावी. वाळ्याच्या कूलरचा झोत थेट तिच्यावर येऊ देऊ नये : त्या हवेत भरपूर ओलावा असतो, कधी पाण्याचे बारीक तुषारही येतात, आणि पाण्यातील क्षारांचे थर सर्किटवर बसले की गंज सुरू होतो. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन मळणीच्या दिवसांत हवेत तंतू व भुसा असतो, त्यामुळे पंख्याची जाळी दिवाळीच्या आगेमागे एकदा तरी साफ करणे आवश्यक ठरते.

‘सर्व्हर संथ आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा राउटरविषयी असते. गिगाबिट केबलवर सेकंदाला सुमारे ११० एमबी वेग मिळतो आणि ४ टीबी साठा दहा-एक तासांत उतरतो. राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असेल, तर त्याच कामाला चार दिवस लागतात.

बाहेरगावाहून, म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या मुलाला किंवा नागपूरच्या ग्राहकाला, फाइली दिसाव्यात म्हणून राउटरचे दार उघडावे, ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो देऊ नये आणि घेऊही नये. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणी-व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या जगभरातील हजारो साठवण-पेट्यांमधील फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. भारतातील अनेक सेवादाते एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात, त्यामुळे हे दार उघडूनही बाहेरून कोणी पोहोचत नाही आणि मग लोक आणखी असुरक्षित उपाय शोधतात. वायरगार्ड किंवा त्यावर आधारलेली टेलस्केलसारखी व्हीपीएन, म्हणजे ओळख पटलेल्या उपकरणांनाच जोडणारा सांकेतिक बोगदा, हाच येथे योग्य मार्ग आहे. टेलस्केलसारखी सेवा सामायिक पत्त्यामागूनही चालते.

शेवटचा समज असा, की एकदा बसवलेला सर्व्हर आपला आपण चालतो आणि डिस्क बिघडण्याआधी इशारा देते. डिस्कमधील ‘स्मार्ट’ नावाची स्वयंतपासणी उपयुक्त आहे : वर उल्लेखिलेल्या अभ्यासात पृष्ठभाग-तपासणीतील पहिल्या दोषानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पट वाढलेली आढळली, म्हणून असा दोष दिसताच डिस्क बदलावी. परंतु त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी कोणताही इशारा दिला नव्हता. म्हणून महिन्यातून एकदा संपूर्ण साठ्याची पडताळणी, वेळच्या वेळी सॉफ्टवेअरची सुधारणा, आणि सहा महिन्यांतून एकदा बॅकअपमधून काही फाइली खरोखर परत उतरवून त्या उघडतात का हे पाहणे, ही तीन कामे मालकालाच करावी लागतात. यांतील शेवटची चाचणी सर्वांत कमी लोक करतात. आर्णीतील स्टुडिओचालकांनी, सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आणि घरी सर्व्हर बसवलेल्या प्रत्येक कुटुंबाने ती यंदा मृगाच्या आधी करावी, आणि तिसरी डिस्क अजून त्याच घरात असेल, तर ती पाऊस लागण्यापूर्वी गावाबाहेर पोहोचवावी.