मोटर राखणारी चौदा पायांची गोम

गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीवर गेलो होतो. रात्री वीज आली, ऑटो स्विचने पंप आपोआप सुरू झाला. विहिरीने तळ गाठला, पंप कोरडाच फिरत राहिला आणि पहाटेपर्यंत मोटर जळाली. ती भरून येईपर्यंत आठ दिवस गेले. उसाची पाळी चुकली. ऑटो स्विचला वीज कळत होती, पाणी कळत नव्हते.

ते कळण्यासाठी स्टार्टरच्या पेटीत 'लॉजिक आय. सी.' लागते. दिसायला काळी, बहुधा चौदा पायांची गोमच! तिच्या पोटात 'गेट' असतात. त्यांना दोनच गोष्टी समजतात : एक आणि शून्य, म्हणजे 'आहे' आणि 'नाही'.

'अँड' गेट बँकेच्या लॉकरसारखे. दोन्ही किल्ल्या लागल्या तरच उघडते. विहिरीत पाणी आहे आणि तिन्ही फेज आहेत, तरच पंप सुरू. 'ऑर' गेटला एक कारण पुरते : पाणी संपो किंवा फेज जावो, घंटा वाजणारच. 'नॉट' गेट 'आहे'चे 'नाही' करते. 'नँड' म्हणजे अँडचे नेमके उलट.

७४०८ मध्ये चार अँड, ७४३२ मध्ये चार ऑर, ७४०४ मध्ये सहा नॉट आणि ७४०० मध्ये चार नँड गेट असतात. या जुन्या टीटीएल जातीला स्थिर ५ व्होल्ट लागतात. १९६८ साली आलेली ४००० ची सीमॉस जात ३ ते १५ व्होल्टवर चालते व वीज फार थोडी खाते. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर सोयीची.

सीमॉसच्या ४०११ मधील दोन नँड एकमेकांना जोडले की 'स्मरण' तयार होते. टाकीचे पाणी खालच्या सळईखाली गेले की पंप सुरू, वरच्या सळईला लागले की बंद. मधल्या वेळात आहे ती स्थिती कायम. हे नसेल तर पाण्याच्या हिंदकळण्याने पंप सारखा चालू-बंद होईल. ४०१७ हे आय. सी. दहापर्यंत मोजते.

अलीकडच्या पेट्यांत हेच काम बहुधा मायक्रोकंट्रोलर करतो. तर्क मात्र तोच. आय. सी. स्वतः मोटर ओढत नाही. ते रिलेला आणि रिले कॉन्टॅक्टरला हुकूम देतो.

पेटी बसवल्यावर विहिरीतली सळई पाण्याबाहेर काढून पाहा. पंप थांबला पाहिजे. सळईवरचा क्षार अधूनमधून घासून काढा; पण आधी मेन स्विच बंद करा. मोटर पुन्हा भरता येते, माणूस नव्हे.