गुठळी सुटली, पण पेशंट बरा झाला का?

सोनोग्राफीच्या लहरींनी मेंदूतली गुठळी विरघळवायची, ही कल्पना ऐकायला भारी वाटते ना? आम्हा दिंडोशीकरांना तर जास्तच. मेंदूची मोठी धमनी बंद झाली की मिनिटाला अंदाजे १९ लाख न्यूरॉन मरतात, आणि संध्याकाळी आमचा हायवे कसा तुंबतो ते तुम्हाला माहीत आहे. २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या पाहणीत पहिल्यांदा स्ट्रोक झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचा स्ट्रोक धमनी बंद झाल्याने होता. एकूण रुग्णांपैकी जवळपास ३० टक्के २८ दिवसांत दगावले.

एक गैरसमज आधी काढू. इथे लहरी गुठळी फोडत नाहीत. त्या आजूबाजूचा द्रव हलवतात, त्यामुळे टीपीए हे गुठळी विरघळवणारं औषध आत खोलवर पोचतं. म्हणजे औषध हवंच, आणि तेही साडेचार तासांच्या आत. अडचण कवटीची. कमी फ्रिक्वेन्सीची लहर हाडातून सहज जाते, म्हणून एका चाचणीत ३०० किलोहर्ट्झ वापरलं. मेंदूत रक्तस्राव वाढला आणि २६ रुग्णांवरच ती थांबवावी लागली.

'क्लॉटबस्ट' (२००४) मध्ये मात्र २ मेगाहर्ट्झ होतं. १२६ रुग्ण, सगळ्यांना टीपीए. दोन तासांत धमनी पूर्ण उघडणं किंवा प्रकृतीत मोठी सुधारणा: लहरींसह ४९ टक्के, त्याशिवाय ३० टक्के. सगळे खूश!

मग आली 'क्लॉटबस्ट-ईआर'. डोक्यावर बसवायचं यंत्र, एका गटात लहरी चालू, दुसऱ्यात बंद. आता प्रश्न बदलला: ९० दिवसांनी माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो? ६७६ रुग्णांनंतर फायदा दिसण्याची आशा उरली नाही, चाचणी थांबली. २०१९ मध्ये निकाल छापून आला.

असं का झालं? पहिल्या चाचणीत कुशल माणूस हाताने नेम धरून लहर थेट गुठळीवर सोडत होता, यंत्र नेम न धरताच सोडत होतं. हे कारण मला पटतं, पण पुरेसं वाटत नाही. कारण पहिल्याच पेपरात तीन महिन्यांचा आकडाही होता: ४२ विरुद्ध २९ टक्के, पी = ०.२०. म्हणजे फरक योगायोगानेही आलेला असू शकतो. लक्ष गेलं ते ४९ वर.

दोन्ही पेपर मिळवा, शेजारी ठेवा आणि आधी 'प्रायमरी आउटकम'ची ओळ शोधा. गोषवारा नंतर वाचा.