निवासी आवारातील जुन्या वृक्षांची निगा

निवासी आवारातील जुन्या वृक्षांची निगा म्हणजे घर, वाडा, बंगला किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील पूर्ण वाढलेल्या झाडांची पाहणी, छाटणी, मुळांचे रक्षण, रोग-किडींचा बंदोबस्त आणि अगदी गरज पडल्यास झाड उतरवणे. ही कामे प्रशिक्षित व्यक्तीने करावयाची असतात. अशा व्यक्तीस ‘आर्बोरिस्ट’ म्हणतात. मराठीत ‘वृक्षतज्ज्ञ’ हा शब्द रूढ होत आहे. रोप जगले नाही तर दुसरे लावता येते. साठ वर्षांच्या चिंचेच्या बाबतीत तशी सोय नसते.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव परिसर पर्जन्यछायेत येतो. एकेकाळच्या उजाड डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले सागरेश्वर अभयारण्य याच टापूत आहे. येथील अंगणापरसांत कडुनिंब, चिंच, आंबा, वड, पिंपळ, उंबर ही झाडे प्रामुख्याने आढळतात. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या वादळी सरींत झाडे मोडण्याची भीती असते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी झाड ‘हलके करून’ घेण्याची, म्हणजे कुऱ्हाडीने शेंडा व मोठ्या फांद्या सरसकट तोडून टाकण्याची रीत पडली आहे. ती समजुतीच्या नेमकी उलटी ठरते.

== शेंडा तोडण्याचे दुष्परिणाम ==
माणसाची जखम भरते, तशी झाडाची भरत नाही. जुने लाकूड पुन्हा नवे होत नसते. झाड जखमेभोवती रासायनिक व पेशीय भिंती उभारून कुजलेला भाग बंदिस्त करते आणि त्यावरून नवे लाकूड चढवते. अमेरिकन वनखात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून ही प्रक्रिया अभ्यासली व १९७७ साली तिची सविस्तर मांडणी केली. आजच्या छाटणीशास्त्राचा पाया हाच आहे.

शेंडा मध्येच तोडला की उरलेल्या खुंटाला ही भिंत नीट उभारता येत नाही. पाणी मुरते, बुरशी शिरते, कूज गाभ्यात उतरते. दरम्यान खुंटाभोवती झुबक्याने धुमारे फुटतात. झाड दोन-तीन वर्षांत पुन्हा हिरवेगार दिसते आणि मालक निश्चिंत होतो. परंतु हे धुमारे सालीलगतच्या थरांतून निघालेले असतात, त्यांची पकड वरवरची असते आणि खालचे लाकूड कुजत असते. पुढील वादळात मोडतात ते हेच.

== छाटणीची योग्य पद्धत ==
फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीचा किंचित फुगीर वळसा असतो. हा वळसा न दुखावता त्याच्या लगत बाहेर काप घ्यावयाचा असतो. खोडाशी सपाट कापणे हे खुंट ठेवण्याइतकेच वाईट. जड फांदी तीन कापांत उतरवतात: पहिला काप खोडापासून सुमारे फूटभर अंतरावर खालून, दुसरा त्याहून थोडा पुढे वरून, आणि फांदीचे ओझे उतरल्यावर तिसरा वळशालगत. एकाच कापात फांदी तोडल्यास ती आपल्या वजनाने खोडाची साल ओरबाडत खाली येते. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. वाळलेली फांदी केव्हाही काढता येते. आंब्याची छाटणी फळे उतरवल्यावर करतात.

जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, असे आता मानले जाते. आंबा बागायतदार बोर्डो मलम लावतात. तो बुरशीनाशक असल्याने त्याची गोष्ट निराळी. आंब्यावरील बांडगूळ नुसते ओरबाडून उपयोग नसतो. ते पुन्हा फुटते. त्याने मूळ रोवलेल्या जागेच्या खालून फांदीच काढावी लागते.

== मुळे ==
घरमालकांचे सर्वांत कमी लक्ष येथे असते. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. अंगणात मुरूम भरणे, बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा फरशी करणे, पाण्याच्या टाकीसाठी चर खणणे यांनी मुळांची हवा तुटते किंवा आधारच जातो. झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते, तेव्हा चर कोणाच्या स्मरणातही नसतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. पार बांधतानाही बुंधा मातीत गाडला जाणार नाही, हे पाहावे.

== धोक्याची पारख ==
बुंध्याशी उगवलेली कठीण भूछत्रे, झुकावाच्या विरुद्ध बाजूस जमिनीला पडलेली भेग, दोन जाड खोडांच्या बेचक्यात दबलेली साल, भिरुडाने पाडलेली भोके व भुसा ही गंभीर लक्षणे होत. केवळ ढोली आहे म्हणून झाड तोडणे मात्र अन्यायाचे. पोकळ नळीप्रमाणे झाडही बाहेरच्या निरोगी लाकडावर उभे असते. त्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांश असल्यास ते बहुधा तग धरते, असा ठोकताळा आहे. शिवाय ढोलीत पिंगळे व पोपट नांदतात.

उलट बाजूही तितकीच खरी. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला. झाड वरून हिरवे दिसते म्हणजे ते सुरक्षित आहे, असे नव्हे.

== कायदा ==
झाड स्वतःच्या आवारात असले तरी ते तोडण्याचा अधिकार मालकाला आपोआप मिळत नाही. नागरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यातील ‘तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. म्हणून बेसुमार छाटणीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले. कडेगाव शहरात अर्ज नगरपंचायतीकडे करावा लागतो. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. वीजवाहिनीला टेकलेल्या फांदीस मात्र कोणीही परस्पर हात लावू नये. महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्यावरच ती उतरवावी.