नळ मोजले, पाण्याचे काय?

राजस्थानातील नागौर, जालोर, बाडमेर या जिल्ह्यांचा प्रश्न केवळ टंचाईचा नाही. जे पाणी लागते, त्यातही फ्लोराईड आढळते. पाऊस तुटपुंजा आणि बाष्पीभवन प्रचंड, त्यामुळे भूजलात क्षार साचतात. सोडियम व बायकार्बोनेट वाढून कॅल्शियम घटले की खडकांतील फ्लोराईड पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार त्याची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडे व सांधे जखडतात.

राज्यघटनेने पाणी हा विषय राज्यांकडे सोपविला. योजनांचा मोठा निधी मात्र दिल्लीतून जातो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनची मुदत २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. नळजोडण्यांचा आकडा सभागृहात तत्काळ सांगता येतो. वाकलेली पाठ दिसायला अनेक वर्षे लागतात. तोवर दोन-तीन निवडणुका उलटून गेलेल्या असतात. म्हणूनच कालव्याचे पाणी पोहोचेपर्यंत गावोगावचे तपासणी अहवाल जाहीर करण्याची आणि फ्लोराईड काढणारी संयंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे केंद्र व राज्याने आधी ठरवावयास हवे. अन्यथा मुदतवाढीने नळ वाढतील, दुखणे कायम राहील.