ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो? बॅटरी बदलायच्या आधी अर्थिंग बघा

उल्हासनगर (कॅम्प नं. ३) : ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हॉर्न वाजवला की हेडलाईट मंद होते, सेल्फ कधी उचलतो तर कधी नुसता टकटक करतो. पावसाळ्यात अंबरनाथ, बदलापूरकडून भाजी-दूध आणणाऱ्या पिकअपना हे दुखणं हमखास जडतं. "बॅटरी गेली" म्हणत मालक हजारो रुपये घालतो, आणि आठवड्याभरात भल्या पहाटे गाडी परत बंद. त्या दिवसाचा बाजार बुडाला तो वेगळाच.

अशा विचित्र दुखण्याचं मूळ बऱ्याचदा अर्थिंगमध्ये असतं. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून जाऊन चासीच्या लोखंडावाटे परत बॅटरीच्या मायनसला येतो. मागच्या दिव्याचा अर्थिंगचा बोल्ट गंजला की ही परतीची वाट बंद होते. मग ब्रेकचा करंट त्याच डब्यातल्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरून पुढच्या इंडिकेटरच्या अर्थिंगकडे वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा पेटतो. यात भूतबाधा काही नाही, करंट फक्त दुसरी वाट शोधतो.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नाही दिसले तर डायनामोकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे बघा. आता मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर बॅटरीचा दोष नाही, अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. बोल्ट खोला, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. खर्च जवळपास शून्य.

नुसत्या मीटरवर मात्र विसंबू नका. आतून तुटत आलेल्या वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण त्यावर बल्ब नीट पेटेलच असं नाही. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन होल्डरला दोन वायर लावलेला बल्ब घेऊनच वायर तपासतात. नव्या गाडीच्या सेन्सरच्या वायरला मात्र हा बल्ब लावायचा नाही, कंट्रोल युनिट जळू शकतं.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज किंवा तार घालणं तर महागातच पडतं. शॉर्ट तसाच राहतो, वायरिंग पेटतं.

२६ जुलै २००५ च्या पुरासारखं वालधुनी किंवा उल्हासचं पाणी गाडीत शिरलं असेल तर चावी फिरवायचीच नाही. आधी मायनसची वायर काढा, कपलर उघडून वाळवा. आतल्या पिना हिरवट पडल्या असतील तर त्या साफ झाल्याशिवाय वायर परत जोडू नका.