वार्ता : छापलेली, लिहिलेली आणि गाइलेली

इंग्रजी अंमल येईपर्यंत मराठी समाजाला बातमी ही वस्तूच ठाऊक नव्हती, अशी समजूत आपल्या शालेय अध्यापनाने नकळत रूढ केली आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले आणि तेथून सारे सुरू झाले, असे आपण मुलांना सांगतो. मराठी वृत्तपत्राचा इतिहास तेथून सुरू होतो, हे खरेच. परंतु वृत्तपत्राचा इतिहास म्हणजे वृत्ताचा इतिहास नव्हे. ज्या इंग्लंडाकडून ही संस्था आपण घेतली, तेथेही नियतकालिक पत्र जन्मास येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे बातमी छापून विकली जात होती. ती कशी होती, आणि त्याच काळात आपल्याकडे तिची जागा कोणी घेतली होती, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर मराठी वाङ्मयातील काही प्रकारांकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटण्याचा संभव आहे.

सन १५१३ मध्ये फ्लॉडन येथे इंग्रज व स्कॉट यांच्यात लढाई झाली आणि स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स रणात पडला. त्या लढाईचा वृत्तान्त रिचर्ड फेक्स नावाच्या मुद्रकाने थोड्या पानांच्या चोपडीच्या रूपाने छापला. इंग्रजीतील छापील वार्तेचा हा पहिला नमुना मानला जातो. पुढे असल्या चोपड्यांना सीमा राहिली नाही. चारसहा पाने, बांधणी नाही, नुसती दोऱ्याने टाचलेली, किंमत एखाद-दुसरी पेनी. विषय ठरलेले : दूरची लढाई, जवळचा पूर, आग, साथ, खून आणि खटला. मथळा मात्र पाऊण पान भरेल एवढा, आणि त्यात ‘खरा’ हा शब्द हटकून असावयाचा. माल खरा आहे असे दुकानदाराला वारंवार सांगावे लागले की गिऱ्हाईक काय समजायचे ते समजते. पण चोपड्या खपत असत.

३० जानेवारी १६०७ रोजी ब्रिस्टलच्या आखातात समुद्राचे पाणी आत घुसले आणि दोन्ही तीरांवरील गावे बुडाली. त्या वर्षी निघालेल्या पुस्तिकांपैकी एकीवर लाकडी ठशाचे चित्र आहे : सर्वत्र पाणी, त्यातून वर निघालेला देवळाचा मनोरा, झाडांवर चढलेली माणसे, पोहणारी जनावरे. आत गावांची नावे आहेत, नुकसानीचा हिशेब आहे, आणि ह्या सर्वांच्या आधी व नंतर, लोकांच्या पापांमुळे देव कोपला, असे प्रवचन आहे. त्या काळच्या वाचकाला ही भेसळ वाटत नसे. घटना आणि तिचा अर्थ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळ उशिरा सुचलेले शहाणपण आहे. खटल्यांच्या चोपड्यांतही तेच. लँकेशरमधील चेटकिणींवर १६१२ साली खटला चालला. त्याचा वृत्तान्त टॉमस पॉट्स ह्या न्यायालयाच्या कारकुनाने लिहिला आणि तो १६१३ साली छापला गेला. त्यात जबान्या आहेत, साक्षी आहेत, तारखा आहेत. कागदपत्रांचा एवढा काटेकोरपणा, आणि सिद्ध काय करावयाचे, तर चेटूक! दप्तर व्यवस्थित असले म्हणजे निर्णय बरोबर असतो असे नव्हे, हे समजून घेण्यास ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हिंदुस्थानाशी लगटून असलेले एक प्रकरण येथे सांगण्याजोगे आहे. १६२३ साली अंबोयना बेटावर डच कंपनीच्या अधिकाऱ्यांनी इंग्रज कंपनीच्या दहा माणसांना कटाच्या आरोपावरून हाल करून मारले. पुढच्याच वर्षी इंग्रज कंपनीने लंडनात त्याची पुस्तिका छापविली. छळाचे चित्रही दिले. म्हणजे बातमी ही नुसती विकण्याची वस्तू राहिली नाही. ती हत्यार झाली. व्यापारी कंपनीला लोकमत आपल्या बाजूस वळवावेसे वाटले आणि त्यासाठी तिने मुद्रकाचे दार ठोठावले, ही घटना माझ्या मते त्या चोपडीतील मजकुराहून अधिक बोलकी आहे. राज्यकर्त्यांनीही ही शक्ती ओळखली. १६३२ साली परदेशच्या बातम्या छापण्यावर बंदी आली, ती १६३८ पर्यंत टिकली. १६४१ साली राजसत्तेचे ते न्यायालयच मोडले, पार्लमेंट व राजा यांचे युद्ध जुंपले, आणि चोपड्यांचा पूर लोटला. जॉर्ज टॉमसन ह्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ ह्या काळात हे छापील कागद जमविले. त्यांची संख्या बावीस हजारांच्या वर जाते आणि आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता इकडे वळू. ज्या वर्षांत लंडनमध्ये छापील बातमीवर बंदी आली, त्याच सुमारास आमच्या बऱ्हाणपुराभोवती इतिहासातील एक भीषण दुष्काळ पडला होता. १६३० साली पाऊस गेला. गुजरात व दख्खन उजाड झाले. शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. जून १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच निवर्तली, आणि बऱ्हाणपूरचे नाव त्या एका मृत्यूशी कायमचे जोडले गेले. बाकीच्या मृत्यूंचे काय झाले? त्यांची नोंद तीन ठिकाणी सापडते. पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते, गावांच्या वेशींबाहेर पाय धरून ओढून टाकलेली उघडी शरीरे, पिच्छा न सोडणारी दुर्गंधी, हे सर्व त्याने रोजनिशीत लिहून ठेवले. दुसरी नोंद अब्दुल हमीद लाहोरी ह्या दरबारी इतिहासकाराची. दुष्काळाची भीषणता तो लपवीत नाही. पण त्याच्या दृष्टीने सांगण्याची गोष्ट म्हणजे बादशहाचे दातृत्व : बऱ्हाणपुरात लंगर उघडले, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले, असे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. तिसरी नोंद देहूची. ह्याच दुष्काळाने तुकोबांचा व्यापार बुडविला, घरातील माणूस अन्नावाचून नेले, आणि ते दुःख त्यांच्या अभंगांत उतरले.

ह्या तिन्ही साक्षी खऱ्या आहेत. परंतु तिन्हींपैकी एकही बातमी नव्हे. मंडीची रोजनिशी हस्तलिखितच राहिली आणि तिचा हा भाग १९१४ साली, म्हणजे पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी, छापला गेला. लाहोरीचा ग्रंथ बादशहासाठी. तुकोबांचे शब्द विठ्ठलासाठी. खानदेशच्या कुणब्याला कोकणात काय चालले आहे हे सांगणारे, किंवा कोकणातल्याला खानदेशचे सांगणारे, कोणी नव्हते. चोपडी आणि तिची पेनी यांचे महत्त्व येथे ध्यानात येते. पेनी देणारा अनोळखी वाचक हाच तिचा धनी होता.

मग आपल्याकडे बातमी नव्हती काय? भरपूर होती, पण ती दोन निरनिराळ्या वाटांनी चालत असे, आणि ह्या वाटा एकमेकींना क्वचितच मिळत. पहिली वाट कागदाची. मोगलांचे वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे ही मोठी यंत्रणा होती. दरबारातील रोजच्या घडामोडींचे अखबार लिहिले जात आणि सरदारांचे वकील त्यांच्या नकला आपल्या धन्याला धाडीत. असले शेकडो कागद कर्नल टॉडने विलायतेस नेले, ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहेत. पेशव्यांचे वकीलही दिल्लीहून असेच लिहीत. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचा आहे. तो चाळला की ताज्या, खऱ्याखोट्या, परस्परांशी विसंगत बातम्यांचा गलका कानी येतो. पण हा सर्व गलका बंद पाकिटातला. बातमी म्हणजे सत्तेचे भांडवल. ते वाटून कोण टाकील?

क्वचित प्रजेकडूनही कागद वर जाई. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपुराबाहेरील बहादूरपुरा व इतर पुरे लुटले. तेव्हा शहरातील प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला लिहून कळविले की, आमची अब्रू व मालमत्ता सुरक्षित राहणार नसेल तर शुक्रवारची सार्वजनिक नमाज बंद करावी लागेल, असे खाफीखान सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात बादशहा स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. लंडनमध्ये हेच गाऱ्हाणे छापून रस्त्यावर विकले गेले असते. येथे ते एकाच वाचकासाठी लिहिले गेले, आणि त्या एका वाचकाने वाचले, एवढे पुरे झाले.

दुसरी वाट कंठाची. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला, सिंहगडावर तुळशीदासाने. अज्ञानदासाला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख त्या पोवाड्यातच आहे. म्हणजे मोबदला होता, पण तो श्रोत्यांच्या पैपैशातून नव्हे, धन्याच्या हातून. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली आणि य. न. केळकरांनी १९२८ पासून पोवाड्यांचे संग्रह काढले, तेव्हापासून आपण ह्या रचना एक तर काव्य म्हणून वाचतो, नाही तर इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्या चुका मोजतो. दोन्ही वाचने अपुरी आहेत असे मला वाटते. पोवाडा ही मुळात कानांनी घेतलेली वार्तापुस्तिका आहे. दोन्हींत सरदारांच्या नावांच्या लांब याद्या असतात. त्या आपल्याला रटाळ वाटतात, परंतु ज्याचा भाऊ त्या फौजेत होता त्याला तीच खरी बातमी होती. दोन्हींत आकडे फुगलेले असतात. दोन्हींत अद्भुत सहज शिरते : तुळशीदासाची घोरपड आणि विलायती चोपड्यांतील आकाशात दिसलेली सैन्ये एकाच जातीची. मात्र एक भेद महत्त्वाचा. चोपडीचा लेखक बहुधा निनावी असे आणि ती आपले खरेपण साक्षीदारांच्या नावांवर उभे करी. शाहीर शेवटी स्वतःचे नाव गुंफतो, आपल्या गुरूचेही सांगतो. एकाचा जामीन कागद, दुसऱ्याचा जामीन माणूस. मुलांना पोवाडा शिकविताना ‘यात कोणता रस आहे’ ह्या प्रश्नाच्या आधी ‘हे कोणाला, किती दिवसांनी आणि कोणाच्या खर्चाने सांगितले गेले’ हा प्रश्न विचारून पाहावा. मी तो वर्गात विचारीत आलो आहे. रसाच्या प्रश्नाला न उठणारे हात ह्या प्रश्नाला उठतात.

आणखी एक तिसरी वाट होती, सावकारांची. ती दोहोंहून जलद. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज बुडाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. ग्रँट डफ सांगतो त्याप्रमाणे, त्यांना ते वर्तमान प्रथम कळले ते आपल्या वकिलाकडून नव्हे. नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याच्या बोलीने निघालेल्या सावकारी कासिदाकडून. मोती गळाल्याची, मोहरा हरवल्याची, खुर्द्याची तर गणतीच नसल्याची ती सांकेतिक भाषा प्रसिद्ध आहे. ती बातमी पेशव्यांसाठी लिहिलेलीच नव्हती. ती बाजारासाठी होती, हुंडीचा भाव ठरविण्यासाठी. आदल्याच वर्षी उदगीरच्या तहाने बऱ्हाणपूर व अशीरगड पेशव्यांकडे आले होते. हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारी सडक ह्यांच्यावरूनच जाई. राज्य आपले, सडक आपली, आणि राज्य बुडाल्याची बातमी मात्र पेढीची! नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पुण्यास निवर्तले.

परंतु छापील, सर्वांसमोर मांडलेली वार्ता नसल्याची खरी किंमत पुढे द्यावी लागली. सदाशिवरावभाऊ रणात पडले की निसटले, ह्याविषयी लोकांत एकवाक्यता कधीच झाली नाही. त्या संशयातून सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला. त्याला कैद झाली, तो तुरुंगातून सुटला, रत्नागिरीचा अंमलदार त्याला सामील झाला आणि कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. युद्धाच्या पंधरा वर्षांनंतर फौजा धाडून हे बंड मोडावे लागले. पुण्यात पंचांपुढे चौकशी झाली, ओळख पटविण्यासाठी माणसे आणली गेली, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शासन झाले. लँकेशरच्या खटल्यापेक्षा ही चौकशी कितीतरी सरळ होती, आणि तिचा विषयही खरा होता. पण तिचे कागद दप्तरात गेले. त्यांची चोपडी निघाली नाही, ती कोणी बाजारात वाचली नाही. मारला गेला तो खरा भाऊच होता, असे मानणारे लोक मागे उरले.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून जिवंत परतल्या होत्या. पती गेल्याची खात्री पटेल अशी वार्ता त्यांच्यापर्यंत कोणत्याच वाटेने आली नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. १७८३ साली त्या वारल्या, तेव्हा भाऊंची उत्तरक्रिया त्यांच्याबरोबरच करण्यात आली.