रेलवाली दुर्बीण

जुन्या युरोपीय शिकारी दुर्बिणीच्या पोटाशी, नळीला एकजीव असलेली एक लांब पट्टी असते. तिच्या कडा आत कललेल्या असतात. हीच रेल. झाइस, काहलेस, स्वारोव्स्की, श्मिट अँड बेंडर या जर्मन-ऑस्ट्रियन कंपन्यांनी ही घडण अनेक वर्षे जपली. अमेरिकेत मात्र गुळगुळीत नळी दोन कड्यांत आवळण्याची रीत रुळली आणि पुढे जगभर तीच चालली.

कड्यांची सारी पकड घर्षणावर असते. बार उडताच रायफल मागे झटकते, दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि हळूहळू कड्यांतून पुढे सरकते. ती सरकू नये म्हणून कडी जास्त आवळली, तर नळी दबते आणि आतली भिंगे धरणारी यंत्रणा अडखळते. रेलमध्ये नळीला चिमटा बसतच नाही. शिवाय आतली फुली कारखान्यातच रेलला सरळ लावलेली असते, त्यामुळे ती तिरकी बसण्याची भीती उरत नाही. पण रायफलवरचा पाया तिरका बसला असेल, तर रेलवाली दुर्बीण फिरवून ती चूक झाकता येत नाही. म्हणून या कामात खरी कसोटी पाया बसवणाऱ्याची.

बसवण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी पाये रायफलच्या पाठीवर बसवतात. जुन्या माउझर रायफलला त्यासाठी भोके पाडून आटे काढावे लागतात. मग मालकाला रायफल खांद्याला लावायला सांगतात. भिंग डोळ्यापासून साधारण आठ-नऊ सेंटिमीटरवर आले आणि चित्र काठोकाठ भरले, की ती जागा रेलवर आखतात. त्यानंतर रेलला आडवे भोक पाडून त्यातून स्क्रू किंवा पिन घालतात. भोक रेललाच पडते, नळीला नाही. तरी ते कायमचे. दुर्बीण दुसऱ्या रायफलवर न्यायची, तर बहुधा नवे भोक आलेच. ही उणीव ओळखून झाइसने पुढे रेलच्या आत खाच ठेवली, स्वारोव्स्कीने दातेरी रेल काढली आणि भोकाची गरज संपली.

जर्मनीतल्या झुल शहराच्या नावाने ओळखली जाणारी आकड्यांची बैठक या कलेचा कळस मानावी. पुढचे आकडे खाचेत घालायचे, मागची बाजू खाली दाबायची, की खटका बसतो. दुर्बीण काढून पुन्हा लावली तरी नेम ढळू नये, एवढे ते हाताने घासून जुळवतात. मजुरी अर्थातच जबर.

कित्येक जुन्या दुर्बिणींत वरखाली नेम बदलायचा एकच फिरकीस्क्रू असे. डावीउजवी दुरुस्ती बैठकीतूनच करायची. त्यामुळे आधी बोल्ट काढून रायफलच्या नळीतून दूरच्या खुणेकडे पाहतात, खूण त्या नळीच्या मध्यावर धरतात आणि मग फुली तिथे आणतात. नंतर गोळ्या झाडून उरलेला फरक काढतात. आणखी एक अडचण मापाची: जुन्या दुर्बिणींच्या नळ्या बहुधा २६ मिमीच्या, तर अमेरिकी कडी २५.४ मिमीची. कडी बळेच बसवली, तर नळी चेपते.

शस्त्राची नळी आणि दृष्टी यांची रेषा जुळवण्याचे हेच तत्त्व तोफेलाही लागू आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि खारे कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा गोळीबार होतो. रणगाड्याच्या तोफेच्या तोंडावर दोऱ्यांची फुली ताणून तिच्यातून दूरची खूण पाहणे आणि मग नेमयंत्र त्या खुणेवर आणणे, ही तिथल्या जवानांना शिकवायची जुनी पद्धत.

शिकारीचा प्रश्न मात्र भारतात मिटलेला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातच कर्जत तालुक्यातले रेहेकुरी १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. तसेही हिंदुस्थानातल्या शिकाऱ्याचा भर साध्या माशीवर असे; वाघाला जवळून गाठायचे तर दुर्बिणीचा उपयोग थोडाच. युरोपात उंच मचाणावर बसून सांजवेळी किंवा चांदण्यात रानडुकराची वाट पाहायची, म्हणून तिथे ५६ मिमीची भिंगे वाढली. परवान्यावर उरलेल्या जुन्या रायफलींना हात लावायचा, तर कारागिरालाही शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो.

नेमबाजीच्या स्पर्धांतून रेल अजून गेलेली नाही. तिथे ती रायफलच्या पाठीवर असते: ११ मिमी रुंद, डवटेल धाटणीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दुर्बिणीला मुभा नाही. बारीक छिद्राचे नेमयंत्रच अशा रेलवर पकडतात आणि गरजेप्रमाणे पुढेमागे सरकवतात.